नकाशातला पोटभाडेकरू

"टेबल ड्रॉइंगमध्ये घ्या, पण एडिटेबल ठेवा." हे वाक्य बांधकामाच्या धंद्यात रोज बोललं जातं, आणि आपण काही अवघड मागितलंय असं बोलणाऱ्याला कधीच वाटत नाही. एक्सेलमध्ये खांबांचा तक्ता तयार आहे, ऑटोकॅडमध्ये नकाशा तयार आहे, मग इकडचं उचलून तिकडे ठेवायला कितीसा वेळ लागतो? कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, दोन बोटांचं काम. पण ही दोन बोटं ज्याची असतात, त्या ड्राफ्ट्समनच्या दृष्टीने साहेबांचं वाक्य जिथे संपतं तिथेच त्याची संध्याकाळही संपलेली असते. माझं म्हणणं असं की यात दोष ड्राफ्ट्समनचा नाही, ऑटोकॅडचा फारसा नाही, एक्सेलचा थोडा आहे. मुख्य घोळ मागणीतच आहे. तक्ता बदलता यावा एवढंच सगळे सांगतात. तो कुणाला बदलता यावा, कधीपर्यंत यावा आणि बदलला की कुणाला कळावं, हे कुणीच सांगत नाही. नकाशातला तक्ता बदलायला माझी हरकत नाही. तो मुकाट्याने बदलू नये, एवढंच म्हणणं पुढे सिद्ध करायचं आहे.

या विचारासाठी बंगळूरचं मल्लेश्वरम फार सोयीचं, कारण ही वस्तीच तक्ता आणि नकाशा यांच्या संगनमतातून झाली. १८९८ साली बंगळुरात प्लेग आला, पेठेच्या दाटीतून माणसं बाहेर काढणं भाग पडलं, आणि मल्लेश्वरम नि बसवनगुडी या वसाहती शिस्तीत आखून वसल्या. आडवे ते क्रॉस, उभे ते मेन. पत्ता विचारला की इथला माणूस आधी क्रॉस सांगतो, मग मेन सांगतो, म्हणजे रो आणि कॉलमच सांगतो. जगातला पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट निघायच्या ऐंशी वर्षं आधीपासून ही सोय आहे. त्यातल्या मोठ्या उभ्या रस्त्यांपैकी एकाला संपिगे म्हणजे चाफा, दुसऱ्याला मार्गोसा म्हणजे कडुनिंब अशी नावं आहेत. रकान्यांना आकडे देताना एखाद्या कारकुनाला मधेच कविता सुचावी तशी. शिवाय बंगळूरच्या कित्येक वस्त्यांत आठवा क्रॉस असतोच, त्यामुळे शीटचं नाव न सांगता नुसता सेल सांगणारा पाहुणा भलत्याच शीटवर उतरतो. आता या रेखीव चौकटींतली जुनी घरं पाडून मजले चढवायचं काम चालतं, आणि तिथे मोजमापांची तिहेरी गंमत होते. मालक फुटात बोलतो: त्याची 'थर्टी-फॉर्टी साइट' बाराशे चौरस फुटांची. नकाशा मिलिमीटरमध्ये असतो. मंजुरीच्या कागदावरचा क्षेत्रफळाचा तक्ता चौरस मीटर मागतो, तिथे तीच जागा १११.४८ होते. तीन भाषा बोलणाऱ्या या घराचा हिशेब एक्सेल ठेवतं, चित्र ऑटोकॅड काढतं, आणि दोघांची गाठ घालून देण्याचं काम ड्राफ्ट्समनकडे येतं.

हे तक्ते म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली सजावट आहे असा बाहेरच्यांचा समज असतो. खरं तर चित्र ही बऱ्याचदा तक्त्याची प्रस्तावना असते. नकाशात खांबाच्या जागी एक चौकोन आणि शेजारी 'सी-५' एवढंच लिहिलेलं असतं. सी-५ म्हणजे काय, त्याची मापं किती, सळया किती नि कितीच्या, रिंगा किती अंतरावर, हे सगळं कॉलम शेड्यूलमध्ये. तसंच दारं-खिडक्यांचं शेड्यूल, तुळयांचं शेड्यूल, सळया कशा नि किती लांबीच्या वाकवायच्या याचं बार बेंडिंग शेड्यूल, आणि बंगळुरात एफएआर नि महाराष्ट्रात एफएसआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मर्यादेत आपण बसतो, हे शपथेवर सांगणारं एरिया स्टेटमेंट. पूर्वी हे सारं एकाच टेबलावर, एकाच पेनने, ट्रेसिंग पेपरवर व्हायचं. संगणक आला तेव्हा मात्र हिशेब आणि चित्र यांची दोन वेगळी घरं झाली. तो पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट, व्हिजीकॅल्क, १९७९ मध्ये आला, ऑटोकॅड १९८२ मध्ये, एक्सेल १९८५ मध्ये. एका प्रोग्रॅममधली वस्तू दुसऱ्यात बसवण्याची मायक्रोसॉफ्टची ओएलई नावाची युक्ती १९९० ची. ऑटोकॅडला स्वतःचं असं टेबल मिळालं ते २००५ च्या आवृत्तीत, आणि एक्सेलशी ते टेबल जोडून ठेवणारी डेटा लिंक २००८ च्या आवृत्तीत. म्हणजे खांबाचं चित्र आणि त्याच खांबाचा हिशेब यांची रीतसर ओळख करून द्यायला पाव शतक लागलं. तोवर आपल्याकडची सरकारं बदलली, नाणी बदलली, सिमेंटचं परमिट गेलं; तक्ता मात्र हाताने टाइप होत राहिला.

आता सोयी इतक्या झाल्या की निवड करणं हेच संकट होऊन बसलं. नुसतं पेस्ट केलं की ओएलई येतं. हा नकाशातला पोटभाडेकरू. राहतो नकाशात, पण चूल एक्सेलची, कुलूप एक्सेलचं. डबल क्लिक केलं की एक्सेल उघडतं, हिशेब चालू होतो, आणि साहेब खूश होतात. पण घरमालकाचं तो ऐकत नाही. नकाशा फिरवला तरी हा फिरत नाही. प्लॉट काढताना अक्षरं धुरकट होतात. तक्ता मोठा असला तर त्याची खालची किंवा उजवीकडची बाजू कुठे जाते ते कळत नाही, कारण पेस्ट होताना ती कापली जाते आणि 'कापली' असं कुणी सांगत नाही. ज्या संगणकावर एक्सेल नाही तिथे तो नुसता तसबिरीसारखा भिंतीवर लटकतो. दुसरा मार्ग पेस्ट स्पेशलमधून ऑटोकॅड एन्टिटीज निवडण्याचा. त्यात तक्ता ऑटोकॅडचाच होतो: फॉन्ट, रेषा, थर सगळं घरचं. पण एक्सेलशी नातं तुटतं आणि आतली सूत्रं गळून नुसती उत्तरं उरतात. त्यानंतर एखादा उत्साही माणूस एक्स दाबून तक्ता एक्स्प्लोड करतो, की मग तोही राहत नाही. उरतात सुट्या रेषा आणि सुटी अक्षरं, ज्यांना आपण कधी एका रांगेत होतो हे आठवत नाही.

तिसरा मार्ग डेटा लिंकचा, आणि तो सगळ्यांत सभ्य. तक्ता दिसतो ऑटोकॅडचा, पण एक्सेलच्या फाइलशी बांधलेला असतो. त्याचे सेल कुलूपबंद असतात, कोपऱ्यांवर हिरव्या खुणा येतात, आणि फाइल बदलली की पडद्याच्या उजव्या तळाशी एक फुगा येऊन वर्दी देतो. अपडेट म्हटलं की नवे आकडे हजर. कुलूप काढून इकडचा बदल एक्सेलकडे परत पाठवायचीही सोय आहे. एवढा सद्गुणी भाडेकरू बंगळुरात दहा महिन्यांचं अॅडव्हान्स माफ करूनही मिळायचा नाही. पण त्याचा सगळा जीव फाइलच्या पत्त्यात असतो. एक्सेलची फाइल 'फायनल' होती ती 'फायनल-२' झाली, किंवा एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेली, की लिंक तुटते. तुटली म्हणून तक्ता पुसला जात नाही. पुसला जाता तर बरं झालं असतं. तो शेवटचे आकडे छातीशी धरून, पूर्ण आत्मविश्वासाने, तसाच बसून राहतो. चौथा मार्ग स्क्रीनशॉटचा. तो कुठल्याच पुस्तकात शिकवत नाहीत आणि सगळीकडे वापरतात. आणि पाचवा, सर्वांत जुना: एका बाजूला प्रिंट ठेवून सगळं पुन्हा टाइप करणं.

या पाचही मार्गांची चर्चा नेहमी कमांडच्या अंगाने होते: कुठलं बटण, कुठली सेटिंग, कुठला लिस्प प्रोग्रॅम. पण नीट पाहिलं तर प्रत्येक मार्ग हा हक्कांचा एक करार आहे. ओएलईत बदलण्याचा हक्क ज्याच्याकडे ड्रॉइंगची फाइल आहे त्या प्रत्येकाचा. एन्टिटीजमध्ये तो ड्राफ्ट्समनचा. डेटा लिंकमध्ये तो एक्सेल सांभाळणाऱ्या डिझाइन इंजिनिअरचा. स्क्रीनशॉटमध्ये कुणाचाच नाही, म्हणून तो घाबरट माणसांना आवडतो. साहेब 'एडिटेबल ठेवा' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात यातला कुठला करार असतो? बहुधा असा असतो: मला हवं तेव्हा बदलता यावं, इतरांना येऊ नये, आणि मी बदललं हे नंतर निघू नये. अशी कमांड ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने अजून काढलेली नाही. आणि गंमत अशी की 'एडिटेबल'ची ही ओढ सहीपर्यंतच टिकते. नकाशावर 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन'चा शिक्का पडला की तेच साहेब पीडीएफ मागतात, पीडीएफवर पासवर्ड मागतात, आणि कुणी एखादा आकडा बदलला तर कोर्टाची भाषा बोलतात. तक्त्याचा स्वभाव शेवटच्या घटकेपर्यंत विचार बदलण्याचा, नकाशाचा स्वभाव एकदा बोललेला शब्द पाळण्याचा. दोघांना एका कागदावर राहायला लावायचं असेल तर कुठल्या तारखेपर्यंत कुणाचं चालणार हे आधी ठरवावं लागतं.

हे भांडण संगणकाने आणलेलं नाही, हे मराठी माणसाला तरी पटवून द्यायला नको. आपला सातबारा हा तक्ता, गटाचा नकाशा हे चित्र, आणि दोघांचं जुळत नाही यावर महाराष्ट्रातल्या वकिलांच्या कितीतरी पिढ्या शिकून मोठ्या झाल्या. सातबाऱ्यावर चार भावांची चार नावं, चार क्षेत्रं, आणि नकाशात अखंड एकच तुकडा. पोटहिश्श्याची मोजणी होईपर्यंत तक्ता पुढे पळतो नि चित्र मागे राहतं. कर्नाटकात त्या तक्त्याला पहाणी म्हणतात, आणि तिथेही तक्त्यांसाठी 'भूमी' आणि मोजणीसाठी 'मोजिणी' अशा दोन संगणक व्यवस्था झाल्या. मग त्या एकमेकींना जोडण्याचं काम निघालं. म्हणजे डेटा लिंकच, फक्त अख्ख्या राज्याची. पण महसुली कारभाराला एक गोष्ट एक्सेलच्या फार आधी कळली होती. सातबाऱ्यावरचा आकडा कुणी वरून खोडत नाही. आधी फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर ती लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या रिवाजाला शिव्या घालणारे सगळे बरोबर आहेत; वेळ लागतो, चकरा पडतात. पण त्या पद्धतीत एक शहाणपण आहे: बदल करता येतो, पण त्याचा आवाज होतो.

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाशी निगडित १६६९ चा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना एकोजी असंही म्हणतात, त्यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला दिल्याची नोंद त्यात आहे. जमिनीच्या नोंदीचं हे टोकाचं 'नॉन-एडिटेबल' रूप. त्यात फेरफार करायचा तर छिन्नी-हातोडा लागतो आणि ठोके गावभर ऐकू जातात. ट्रेसिंग पेपरच्या काळातही थोडं हेच होतं. आकडा बदलायचा तर ड्राफ्ट्समन अर्धं ब्लेड घेऊन शाई खरवडायचा, आणि कागद उजेडात धरला की खरवडलेली जागा पातळ दिसायची. एका खांबात तीनदा बदल झाला हे सांगायला रिव्हिजनची नोंद लागत नसे, कागदाला भोक पडायच्या बेतात असे. एक्सेलच्या सेलमध्ये सोळाचे बारा करताना असा कुठलाच आवाज येत नाही. हे कौतुकाने सांगितलं जातं. मला ती भीतीची गोष्ट वाटते.

भीती कशाची, ते आकड्यांतच पाहू. २३० बाय ४५० चा एक साधा खांब घ्या, त्यात १६ मिलिमीटरच्या आठ सळया. त्यांच्या छेदाचं क्षेत्रफळ १६०८ चौरस मिलिमीटर. कुणाच्या तरी हातून सोळाच्या जागी बारा पडले तर ते होतं ९०५. जवळजवळ निम्मं लोखंड गेलं. पण आयएस ४५६ प्रमाणे खांबात किमान लोखंड लागतं छेदाच्या ०.८ टक्के, म्हणजे इथे ८२८. म्हणजे ९०५ नियमात बसतं! नुसता किमान नियम तपासणारी कुठलीही यंत्रणा हा आकडा हसतमुखाने पास करील. चूक बेकायदा दिसली तर पकडली जाते. चूक कायद्यात बसली की तिला निर्णय म्हणतात. साइटवरचा फिटर तर बिचारा कागदाप्रमाणे सळया बांधणार. त्यात एक्सेलची स्वतःची कल्पकता वेगळी. बाराच्या चार सळया हे दाखवायला कुणी '४-१२' असं टाइप केलं, की आपल्याकडच्या तारखेच्या पद्धतीप्रमाणे एक्सेल तिथे चार डिसेंबर करून टाकतं. खांबात लोखंडाऐवजी मुहूर्त दिसतो. हसू नका, जनुकशास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. 'मार्च-१' आणि 'सेप्ट-१' अशी नावं असलेल्या जनुकांच्या एक्सेल इतक्या चिवटपणे तारखा करत राहिलं, की २०२० साली जनुकांची नावंच बदलायची वेळ आली. एक्सेलला नमवण्यापेक्षा निसर्गाचं बारसं पुन्हा करणं सोपं ठरलं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की म्हणूनच तर माणसाचा हात मधून काढा, सगळं लिंक करा. हात मधे असल्याने काय होतं याचं उदाहरण मोठं आहे. २०१२ साली जेपी मॉर्गन बँकेचे लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरच्या वर बुडाले. बँकेच्याच चौकशी अहवालात असं निघालं की जोखमीचं गणित एक्सेलच्या अनेक शीटांवर चालत होतं आणि आकडे एका शीटमधून दुसऱ्यात हाताने कॉपी-पेस्ट होत होते. शिवाय एका सूत्रात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं गेलं होतं. आक्षेप बरोबर आहे. हाताने टाइप केलेल्या तक्त्याची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. पण हात काढून टाकल्यावर काय होतं याचंही उदाहरण आहे. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं की कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांची माहिती आपोआप एका शीटमध्ये ओतली जात होती, शीट जुन्या पद्धतीची होती, तिच्यात ६५,५३६ च्या वर ओळी बसत नाहीत, आणि पुढची माहिती चुपचाप सांडत राहिली. यंत्राने काम चोख केलं, फक्त ते वाचायला वाटेत कुणी नव्हतं. जुना ड्राफ्ट्समन टाइप करताना चुका करायचा हे खरं, पण तो तक्ता वाचायचा हेही तितकंच खरं. सगळे खांब सोळाचे नि एकच मधला बाराचा कसा, हे विचारायला त्याला पगार नव्हता. बोटांना खटकायचं म्हणून तो विचारायचा. लिंक केल्याने टायपिंग वाचलं ते ठीक, पण त्याबरोबर वाचनही गेलं आणि त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

दुसरा आक्षेप नव्या मंडळींचा: ही सगळी कटकट जुन्या ऑटोकॅडवाल्यांची, बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग वापरा. रेव्हिटसारख्या प्रोग्रॅममध्ये खांब आणि खांबाचं शेड्यूल ही एकाच माहितीची दोन रूपं असतात. तक्त्यात बदललं की चित्रात बदलतं, चित्रात बदललं की तक्त्यात. तत्त्वतः हे उत्तर उत्तम आहे आणि मोठ्या कामांत ते चालतंही. पण मग ज्या कंत्राटदाराला दर भरायचे असतात, ज्या मालकाला बेरीज बघायची असते, त्यांच्यासाठी शेड्यूल एक्स्पोर्ट होऊन कुठे जातं? एक्सेलमध्ये. तिथे ते रंगतं, त्यात दोन रकाने वाढतात, एक ओळ लपवली जाते, आणि आठवड्याने तीच शीट परत येते: "हे मॉडेलमध्ये घ्या, पण एडिटेबल ठेवा." शिवाय बिममध्ये चित्र हलवताना तक्ता हलला हे कळतच नाही, कारण दोघे एकच. प्रश्न एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. हक्क कुणाचा ते ठरलं नव्हतं, अजूनही नाही.

तिसरा आक्षेप साधा आणि मोहात पाडणारा: तक्ता नकाशात टाकायचाच कशाला? वेगळा ए-४ कागद द्या. हा सल्ला देणाऱ्याने चालू असलेली साइट पाहिलेली नसते. साइटवर एकच कागद टिकतो, तो मोठा नकाशा, आणि तोही घड्यांवर फाटलेला. ए-४ कागदाचे साइटवर दुसरे शंभर उपयोग आहेत. मेस्त्रीच्या हातात चित्र असेल नि तक्ता नसेल, तर सी-५ च्या सळया तो सी-४ बघून ठरवील, आणि सी-४ चा खांब शेजारच्या इमारतीचा असेल. आणखी कुणी म्हणेल की सगळं मोबाइलवर पाठवा, तिथे ताजं दिसेल. ताजं दिसेल हे खरं, पण ऑटोकॅडमधला तो उजव्या तळाचा फुगा काँक्रीटला येत नाही. फाइलमध्ये सळया वाढल्या तरी काल ओतलेल्या खांबात त्या वाढत नाहीत. लिंकची पोच शेवटच्या प्रिंटपर्यंतच असते. उलट आपोआप ताजा होणारा तक्ता इथे जास्त धोक्याचा, कारण ऑफिसातल्या नकाशावर आणि साइटवरच्या नकाशावर तोच नंबर, तीच रिव्हिजन, तीच सही असते आणि आकडे मात्र वेगळे. त्यांच्यात खरं कोण हे शोधायला मग संगणकतज्ज्ञ बोलवावा लागतो किंवा भिंत फोडावी लागते, आणि दोघेही महाग पडतात.

तेव्हा निष्कर्ष काढायचा तर तो बटणांचा नाही, वेळापत्रकाचा आहे. काम चालू आहे तोवर तक्ता डेटा लिंकनेच आणावा. ओएलई टाळावा, स्क्रीनशॉटला तर दारातही उभं करू नये. एक्सेलच्या फाइलला एकच धनी असावा आणि त्याचं नाव फाइलवर असावं. ड्राफ्ट्समनने तक्त्यात हात घालू नये, पण लिंक अपडेट झाली की तक्ता एकदा मोठ्याने वाचून दाखवायचा हक्क त्याचाच असावा, आणि त्याला खटकलेल्या आकड्याचं उत्तर देणं साहेबांना बंधनकारक असावं. नकाशा बाहेर पाठवायच्या दिवशी लिंक मुद्दाम, सर्वांसमक्ष तोडावी, त्या तोडलेल्या प्रतीत तक्त्याच्या डोक्यावर तारीख आणि रिव्हिजन लिहावी, आणि तिथून पुढे एक जरी आकडा बदलला तरी नवी रिव्हिजन, नवा ढग, नवं पत्र. चावडीवर नोटीस लावल्यासारखं. ऑटोकॅडमध्ये रिव्हिजन क्लाउड नावाचा ढग काढायची कमांड आहेच; ती बदललेल्या जागेभोवती काढायची असते, सगळ्या नकाशाभोवती नव्हे, एवढं फक्त लक्षात ठेवावं.

या पद्धतीला खर्च नाही, नवं सॉफ्टवेअर नाही, प्रशिक्षण नाही. ती पटत नाही असा माणूस मिळणं कठीण, आणि ती पाळणारं ऑफिस मिळणं त्याहून कठीण. कारण उघड आहे. या पद्धतीत सोळाचे बारा कुणी केले, कुठल्या तारखेला केले आणि कुणाच्या सांगण्यावरून केले, हे सगळं कागदावर येतं. 'एडिटेबल' या मागणीत जी खरी सोय दडलेली असते ती नेमकी तिथे संपते. म्हणून पुढच्या वेळी कुणी टेबल एडिटेबल ठेवायला सांगितलं तर ड्राफ्ट्समनने कमांड शोधत बसू नये. नम्रपणे एकच विचारावं, "ठेवतो साहेब, बदल केला की कुणाचं नाव येऊ दे?" बहुतेक साहेब त्यानंतर पीडीएफवर समाधान मानतील.